दुबार छायाचित्रे : पुसण्यापूर्वी थोडा विचार

घरातला संगणक ‘भरला’, ही तक्रार आता मध्यमवर्गीय घरांत सिलिंडर संपल्याच्या तक्रारीइतकीच नित्याची झाली आहे. यंत्र मंदावते, पडद्यावर जागा अपुरी असल्याची सूचना उमटते, आणि घरातली तरुण मंडळी तपासून निदान करतात की, सारी जागा छायाचित्रांनी व्यापली आहे. त्यातही एकच छायाचित्र पाच-पाच ठिकाणी पडलेले आहे. निदानापाठोपाठ उपायही सांगितला जातो : दुबार छायाचित्रे हुडकून काढणारी एखादी आज्ञावली उतरवून घ्या, एक कळ दाबा, काम फत्ते. वरवर पाहता या उपायात दोष काढण्यासारखे काही नाही. जे दोनदा आहे त्यातले एक टाकून दिले तर बिघडले कोठे?

परंतु या एका कळीत केवढा विश्वास गृहीत धरला आहे, याची चिकित्सा सहसा कोणी करत नाही. दुबार कशाला म्हणायचे आणि दोहोंपैकी कोणते राखायचे, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर यंत्र देऊ शकते, तेही काही अंशी. दुसऱ्याचे उत्तर देण्याचा अधिकार मात्र घराने यंत्राकडे सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा पेच मुळात अलीकडचा. रोलचा कॅमेरा होता तेव्हा एका रोलमध्ये ३६ चित्रे निघत आणि ती मोजूनमापून काढली जात. सत्यनारायणाच्या पूजेची चार, मुलीच्या वाढदिवसाची सहा, उरलेली गणपतीसाठी राखून ठेवायची, असा हिशेब असे. उदकमंडलमच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म ज्यांनी वापरली आहे, त्यांना ही काटकसर वेगळी सांगायला नको. स्टुडिओतून पाकीट येई, त्यात चित्रे निराळी आणि निगेटिव्ह निराळ्या. आत्याला प्रत हवी असेल तर ती निगेटिव्ह घेऊन पुन्हा स्टुडिओची पायरी चढावी लागे व पैसे मोजावे लागत. मूळ कोणते आणि प्रत कोणती, याविषयी संभ्रमाला जागाच नव्हती. मूळ घरी, प्रती नातेवाइकांकडे. चित्राच्या पाठीवर ‘डावीकडून’ अशी सुरुवात करून निळ्या शाईने नावे लिहिण्याची पद्धतही बहुतेक घरांत होती.

संगणकाने हा भेद पुसून टाकला. एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये नेलेली प्रत मुळाबरहुकूम असते. ती काढायला पैसा लागत नाही, वेळ लागत नाही, आणि विचार तर मुळीच लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. २००६ साली एका घरी नातवाची मुंज झाली. डिजिटल कॅमेऱ्यातली छायाचित्रे त्याच रात्री संगणकात उतरवली गेली. कॅमेऱ्यातले कार्ड मात्र कोणी रिकामे केले नाही. मे महिन्यात कोकणात जाऊन आल्यावर तेच कार्ड पुन्हा सगळेच्या सगळे उतरवले, तेव्हा मुंज दुसऱ्यांदा संगणकात आली. मामांसाठी सीडी तयार करताना निवडक चित्रांचे तिसरे फोल्डर झाले. काही वर्षांनी नवा संगणक घेतला, तेव्हा जुन्याची अख्खी डिस्क खबरदारी म्हणून ‘जुने’ या नावाने त्यात ओतून ठेवली. २०१५ मध्ये गुगल फोटोज आले आणि सगळे तेथे चढवले गेले. १ जून २०२१ पासून तेथील अमर्याद फुकट जागेची सवलत बंद झाली, जीमेल आणि ड्राइव्ह धरून फुकटची मर्यादा १५ जीबी एवढीच राहिली, तेव्हा मुलाने तेथले सारे उतरवून परत घरी आणले. अशा उतरवणीत वर्षवार फोल्डर निराळे मिळते आणि अल्बमचे निराळे. म्हणजे एकच चित्र पुन्हा दोनदा. दरम्यान कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर कोणीतरी ‘आठवणी’ म्हणून तीच चित्रे टाकली आणि घरातल्या चार फोनांमधून ती पुन्हा संगणकात आली.

यातली प्रत्येक पायरी चांगल्या हेतूची होती. कोणी निष्काळजीपणाने काही केले नाही; उलट, हरवू नये म्हणूनच प्रत्येकाने एकेक प्रत काढली. दुबार छायाचित्रांची ही रास म्हणजे घराने वेळोवेळी केलेल्या जपणुकीचा गाळ आहे, आणि तो कचरा समजून एकदम उपसू लागलो की, त्यात काय काय अडकले आहे ते पाहायचे राहून जाते.

यंत्र कसे ओळखते?

दुबार शोधणाऱ्या आज्ञावल्या दोन रीतींनी काम करतात, आणि त्या दोहोंतला फरक प्रत्येक गृहस्थाला ठाऊक असायला हवा. पहिली रीत ठशाची. फाइल कितीही मोठी असो, तिच्यातील सर्व आकड्यांवर ठरावीक गणिती क्रिया करून एक छोटा ठसा काढला जातो. रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ साली रचलेल्या ‘एमडी-५’ पद्धतीत हा ठसा ३२ अक्षरांचा असतो. आज अधिक भरवशाच्या मानल्या जाणाऱ्या ‘एसएचए-२५६’ मध्ये ६४ अक्षरांचा. दोन फायलींचे ठसे जुळले की, त्या अक्षरशः एकच आहेत असे मानायला घरगुती कामापुरती काहीच हरकत नाही. ही रीत अत्यंत विश्वासू आहे आणि तितकीच आंधळीही. फायलीत एका बिंदूचा जरी बदल झाला, तरी ठसा पूर्ण बदलतो. आडवे आलेले छायाचित्र कोणी उभे करून साठवले, त्यात नाव किंवा तारीख भरली, की आपल्या डोळ्यांना तेच दिसणारे चित्र यंत्राच्या लेखी परके होते. मुंजीच्या आपल्या उदाहरणात कार्डावरून दोनदा उतरलेल्या प्रती ही रीत अचूक पकडील. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली एकही पकडणार नाही.

म्हणून दुसरी रीत आली, सारखेपणा शोधणारी. तिचा एक प्रचलित प्रकार असा : छायाचित्र आक्रसून अवघ्या ९ गुणिले ८ ठिपक्यांचे करायचे, रंग काढून टाकायचे, आणि प्रत्येक ठिपका शेजारच्या ठिपक्यापेक्षा उजळ आहे की गडद, एवढेच विचारायचे. अशा ६४ होय-नाही उत्तरांतून चित्राची कुंडली तयार होते. दोन कुंडल्यांत चार-दोन उत्तरांचाच फरक असेल तर चित्रे ‘समान’ ठरतात. युक्ती बुद्धिमान आहे, यात शंका नाही. आकार बदललेले, रंग थोडे उजळलेले, दाबून लहान केलेले चित्र ती बिनचूक ओळखते.

पण जरा विचार करा, ७२ ठिपक्यांत काय उरते? मांडव उरतो, आकाश उरते, माणसांचा एक गडद पट्टा उरतो. काका-काकूंच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी सर्वांना पायऱ्यांवर उभे करून छायाचित्रकाराने पाठोपाठ सहा चित्रे टिपली. तिसऱ्यात चुलतआजोबांचे डोळे मिटलेले आहेत. चौथ्यात स्वयंपाकघरातून घाईने येऊन कडेला उभी राहिलेली मावशी आहे, जी पहिल्या तीनांत नव्हती. पाचव्यात कोणीतरी काही बोलले आणि एरवी कॅमेऱ्यापुढे कधीच न हसणारे आजोबा हसले. यंत्राच्या लेखी ही सहाही चित्रे एकच. घराच्या दृष्टीने ज्यात सारा जीव आहे, नेमका तोच भेद आक्रसताना गळून जातो. हा यंत्राचा दोष नव्हे. त्याला जे विचारले त्याचे उत्तर त्याने दिले. प्रश्न विचारणाऱ्याने मात्र आपल्याला काय विचारायचे होते ते विसरू नये.

मतदारयाद्या तपासणाऱ्यांना हा अनुभव नवा नसेल. एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे आणि जवळजवळ एकाच वयाचे दोन गृहस्थ असतात. कागदावर ते दुबार दिसतात. गावातला माणूस बरोबर असेल तर तो सांगतो, एक वरच्या आळीचा, एक खालच्या.

यापेक्षा प्रगत आज्ञावल्या आता ‘सर्वोत्तम’ चित्र स्वतःच निवडून देतात, असा युक्तिवाद केला जातो. निवडतात खऱ्या, त्यांचे निकष म्हणजे सुस्पष्टता, डोळे उघडे असणे, प्रकाश. वरच्या सहांपैकी त्या बहुधा दुसरे राखतील, कारण त्यात सर्वांचे डोळे उघडे आहेत आणि कोणी हललेले नाही. मावशी त्यात नाही, हे त्यांना कोण सांगणार?

प्रतीची प्रत

दुबार चित्रांपैकी कोणते राखावे या प्रश्नाला सोपे उत्तर म्हणून ‘अलीकडचे ठेवा, जुने काढा’ असा नियम काही आज्ञावल्या सुचवतात. संगणकातील छायाचित्रांच्या बाबतीत हा नियम धोकादायक आहे, आणि त्याचे कारण छायाचित्र साठवण्याच्या पद्धतीतच आहे.

कॅमेरे आणि फोन ज्या ‘जेपेग’ स्वरूपात चित्रे साठवतात, त्याचे मानक १९९२ सालचे. त्याच्या मुळाशी जे गणित आहे, त्याची कल्पना बंगळुरूत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापकी केलेले नासिर अहमद यांची. १९७२ साली या संशोधनासाठी त्यांनी मागितलेले अनुदान तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने नाकारले होते. तरी काम पुरे करून १९७४ मध्ये त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह ते प्रसिद्ध केले. आज जगातला क्वचितच कोणी त्या गणिताला स्पर्श न करता दिवस काढत असेल, आणि आपल्याकडे हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. असो. या पद्धतीत चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे तुकडे करून त्यांतला जो बारीक तपशील डोळ्याला सहसा जाणवत नाही, तो टाकून दिला जातो. म्हणून फाइल लहान होते. टाकलेला तपशील पुन्हा मिळत नाही. हेच चित्र उघडून, फेरफार करून परत साठवले की, आणखी थोडा तपशील जातो. नुसती प्रत केल्याने काही बिघडत नाही. पुन्हा साठवल्याने बिघडते.

व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या रीतीने धाडलेले चित्र तर दाबून बरेच लहान केलेले असते. १ कोटी २० लाख ठिपक्यांचे मूळ पलीकडे पोहोचते तेव्हा त्याची लांब बाजू सामान्यतः १,६०० ठिपक्यांच्या आसपास उरते. म्हणजे सगळे मिळून १९ लाखांच्या जवळपास. सहा हिश्श्यांतले पाच हिस्से वाटेत गळाले. त्याबरोबर चित्राच्या पोटात दडलेली नोंदही जाते : कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या कॅमेऱ्याने, कधीकधी कोणत्या स्थळी ते टिपले. ही नोंद ‘एक्सिफ’ या नावाने ओळखली जाते आणि ती म्हणजे जुन्या चित्राच्या पाठीवरची निळी शाईच आहे. व्हॉट्सअ‍ॅपने आलेल्या फायलीचे नाव ‘आयएमजी’, मग तारीख, मग ‘डब्ल्यूए’ असे असते. ती तारीख चित्र टिपल्याची असेल असे नव्हे. २००६ ची मुंज त्यामुळे २०१९ मध्ये घडल्यासारखी दिसते. आता ‘अलीकडचे ठेवा’ हा नियम लावून पाहा. नेमके मूळ जाते आणि प्रतीची प्रत राहते.

पत्रकारितेत आयुष्य गेल्यामुळे या गोष्टीचा त्रास मी जवळून पाहिला आहे. एखाद्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची, पतपेढीची किंवा संस्थेची स्मरणिका निघायची असते. संपादक मंडळ जुन्या कार्यकर्त्यांना आवाहन करते. चित्रे भराभर येतात, शेकड्याने येतात, आणि बहुतेक सगळी व्हॉट्सअ‍ॅपवरून. कार्यक्रम एक, चित्र एक, पाठवणारे वीस. छपाईसाठी एका इंचाला ३०० ठिपके लागतात. १,६०० ठिपक्यांचे चित्र सव्वापाच इंचांच्या पुढे ताणले की फुटू लागते. ‘मूळ छायाचित्र कोणाकडे आहे?’ असे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात. मूळ ज्याच्या संगणकात होते, त्याने जागा होत नाही म्हणून गेल्या वर्षी साफसफाई केलेली असते. ‘ग्रुपवर तर आहेच ना,’ हे त्याचे उत्तर.

याहून दुःखद प्रसंग म्हणजे घरातले वडीलधारे माणूस जाते तेव्हाचा. दिवसकार्याच्या आत मोठे छायाचित्र करून घ्यायचे असते, वृत्तपत्रात निवेदन द्यायचे असते. संगणकात त्या व्यक्तीची चित्रे असंख्य. पण ज्यात ती मनासारखी आली आहे, ते फक्त कुठूनतरी फिरून आलेल्या धुरकट प्रतीत शिल्लक. स्टुडिओवाला ती मोठी करतो तेव्हा चेहरा गुळगुळीत होतो, ओळखीचा राहत नाही. दुबार म्हणून कोणते पुसले गेले, हे त्या वेळी कळते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभले व ते १९६६ साली पूर्ण झाले. उपमा मोठी आहे, याची मला जाणीव आहे. तरी ती येथे लागू पडते. डॉ. वि. सी. सुकथनकर आणि त्यांच्यानंतर डॉ. श्री. कृ. बेलवलकर, डॉ. प. ल. वैद्य या संपादकांपुढे सुमारे १,२५९ हस्तलिखिते होती. सगळी ‘महाभारत’च; पण एकही दुसऱ्यासारखे तंतोतंत नाही. त्यांनी प्रतींची नुसती संख्या मोजली नाही. कोणती प्रत कोणत्या लिपीतून, कोणत्या परंपरेतून उतरली, कोणी कोणावरून नकलून घेतले, याचा वंशवृक्ष मांडला. आणि मूळ संहितेत जे घेता आले नाही ते फेकून दिले नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत जागच्या जागी नोंदवून ठेवले. प्रतींच्या गर्दीत वागायचे कसे, याचा इतका चोख धडा आपल्याच शहरात दिला गेलेला असताना, घरातील दप्तराच्या बाबतीत मात्र आपण एका कळीवर भिस्त ठेवतो, याचे आश्चर्य वाटते.

दप्तर हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली, त्यांतली कितीतरी घरोघरच्या दप्तरांतून आलेली होती. ते कागद राखणाऱ्यांना त्यातले कोणते पुढे महत्त्वाचे ठरेल, हे ठाऊक असणे शक्य नव्हते. आपल्या छायाचित्रांचेही असेच आहे. मुंजीच्या चित्रात बटूपेक्षा त्याच्या मागे दिसणारा वाडा आज मोलाचा वाटतो, कारण त्या जागी आता सात मजली इमारत उभी आहे. सारख्या दिसणाऱ्या दोन चित्रांपैकी एकात त्या वाड्याचा दिंडीदरवाजा पूर्ण आला असेल, दुसऱ्यात अर्धा.

राखावे आणि काढावे

मग काहीच पुसू नये काय? असे म्हणणारेही आहेत. डिस्क स्वस्त झाल्या, आणखी एक घ्या, सगळे राहू द्या, हा त्यांचा सल्ला. तो मला मान्य नाही. जागा स्वस्त झाली असेल, माणसाचे लक्ष स्वस्त झालेले नाही. चाळीस हजार चित्रांच्या ढिगातून नातवंडांना पणजीचे एक चित्र सापडणार नसेल, तर ते असून नसल्यासारखेच आहे. गाळ काढलाच पाहिजे. फक्त विहीर कोणती आणि गाळ कोणता, हे पाहून.

काम सुरू करण्यापूर्वी एक भेद ध्यानात घ्यावा. निष्काळजीपणे झालेली दुबार प्रत निराळी आणि हेतुपूर्वक ठेवलेली राखीव प्रत निराळी. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला एक सोपा दंडक आहे : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि त्यांतली एक प्रत घराबाहेर. म्हणजे एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी भावाकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यात. दुबार शोधणाऱ्या आज्ञावलीपुढे ही राखीव डिस्क कधीही जोडून ठेवू नये. तिच्या दृष्टीने ती सगळीच्या सगळी दुबार आहे, आणि ती इमाने इतबारे साफ करून देईल.

राखीव प्रत काढून, ती उघडून पाहून मगच पुढे जावे. ठशाने जुळलेल्या प्रती नि:शंकपणे काढाव्यात. तेथे भावनेला जागा नाही, कारण तेथे भेदच नाही. त्यासाठी डुपगुरू, डिजिकॅम यांसारख्या विनामूल्य आज्ञावल्या पुरेशा आहेत. डुपगुरूमध्ये एखादे फोल्डर ‘संदर्भ’ म्हणून नेमता येते. त्यातील फायलींना ती हात लावत नाही. मूळ चित्रांचे फोल्डर असे आधी सुरक्षित करून घ्यावे. मॅक संगणकावर २०२२ पासून फोटोज आज्ञावलीतच दुबार चित्रांचा स्वतंत्र अल्बम मिळतो. आयफोनधारकांच्या घरी ‘हाइक’ आणि ‘जेपेग’ अशा दोन स्वरूपांत एकच चित्र आढळते. तेथे ‘हाइक’ हे बहुधा मूळ असते.

ज्यांनी एके काळी पिकासा वापरले त्यांनी विशेष सावध राहावे. गुगलने ते २०१६ साली बंद केले, पण त्याच्या खुणा अजून पुष्कळ संगणकांत आहेत. पिकासामध्ये फेरफार करून चित्र साठवले की, त्याचे मूळ एका लपवलेल्या फोल्डरमध्ये सरकवले जाई. आज साफसफाई करताना हे अनोळखी, लपलेले फोल्डर निरुपयोगी वाटते. आत मूळ चित्रे असतात.

फायलीवर दिसणाऱ्या तारखेवरही विसंबू नये. विंडोजमध्ये प्रत केली की ‘निर्माण झाल्याची’ तारीख प्रत केल्याच्या दिवसाची पडते. चित्राच्या पोटातील एक्सिफ नोंद पाहावी. जुने चित्र स्कॅन केलेले असेल तर तीही फसवी, कारण ती स्कॅन करण्याचा दिवस सांगते. तेथे आजीलाच विचारावे लागते. फोन आणि गुगल फोटोज एकमेकांशी जोडलेले असतील तर एकीकडे पुसलेले दुसरीकडूनही जाते, हे अनेकांना चित्र गेल्यावर समजते. तेथे काही दिवस कचरापेटीतून परत आणता येते. विंडोजमध्ये पेन ड्राइव्हवरून पुसलेले कचरापेटीतही जात नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रतींबाबत माझा आग्रह असा की, त्यांचे मूळ हाती लागेपर्यंत एकही पुसू नये. अनेकदा मूळ दुसऱ्याच्या घरी गेलेले असते आणि आपल्याकडची धुरकट प्रत हाच एकमेव पुरावा उरतो. ज्यांच्याकडून ती आली त्यांना दूरध्वनी करून मूळ मागवावे. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितले की ते न दाबता, जसेच्या तसे येते. २०२३ पासून ‘एचडी’चा पर्यायही आहे, तो नेहमीपेक्षा बरा, पण डॉक्युमेंटची सर त्याला नाही. रोज सकाळी येणाऱ्या फुलांच्या आणि सुविचारांच्या चित्रांना हा नियम अर्थातच लागू नाही.

आणि सारखी दिसणारी चित्रे? त्यांसाठी आज्ञावलीने फक्त गठ्ठे बांधून द्यावेत. निवाडा घरातल्या माणसांनी करावा. हे काम मुलांवर सोडण्याची प्रथा पडली आहे, कारण संगणक त्यांना येतो. पण चित्रातली माणसे त्यांना ओळखू येत नाहीत. चेहरे ओळखणारी आज्ञावली एकाच माणसाची शंभर चित्रे एकत्र करून देईल. ते आजोबांचे मावसभाऊ होते, की वाड्यात भाड्याने राहणारे मास्तर, हे सांगू शकणार नाही. ते सांगू शकणारी माणसे घरोघरी एक-दोनच उरली आहेत आणि त्यांची दृष्टी अधू होत चालली आहे. दिवाळीच्या सुटीत लेकी-सुना, नातवंडे घरी असतात. संगणकाची तार दूरदर्शन संचाला जोडली तर आजीला चष्मा न बदलता सारे मोठे दिसते. एका बैठकीत शंभर चित्रेही होणार नाहीत, कारण प्रत्येक चित्राला गोष्ट निघेल. होऊ देत. नातवाने त्याच वेळी फायलीचे नाव बदलून साल, प्रसंग आणि नावे लिहून टाकावीत, अगदी ‘डावीकडून’ अशी सुरुवात करून. सहांपैकी कोणते ठेवायचे, याचा वाद झाला तर दोन ठेवावीत.

कुटुंबातील एखाद्याला एखादे चित्र नको असते, तेही तेव्हाच कळते. मोडलेल्या सोयरिकीचे, दुराव्यापूर्वीचे, अशा चित्रांच्या बाबतीत घरातील थोरांनी जे ठरवतील ते ठरवावे. पण ते ठरवून व्हावे, ‘समान चित्रे’ या शीर्षकाखाली नकळत होऊ नये.

या सगळ्याच्या आधी करायचे एक काम राहून जाते, म्हणून शेवटी नोंदवतो. २००३-०४ पासून पुढची काही वर्षे आपण छायाचित्रे सीडीवर उतरवून कपाटात ठेवली. त्या घरगुती सीडींचा रंगद्रव्याचा थर काळाने खराब होतो आणि नव्या लॅपटॉपना सीडी लावायची सोयच नसते. बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह बाजारात मिळतो, शेजारी कोणाकडे असला तर मागून आणावा. एकेक सीडी लावून, जी वाचता येते ती पूर्ण संगणकात घ्यावी; अडखळली तर पुसून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहावी. त्यांतली बरीच चित्रे संगणकातल्या चित्रांची दुबार निघतील. निघोत.